गळ्यापर्यंत भरलेली बाटली

त्या गल्लीत फोटोवाल्याचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना हसाकाका म्हणत. नोकरीच्या अर्जाचा फोटो असो की शाळेच्या ओळखपत्राचा, समोरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाला या गृहस्थांनी जन्मभर एकच हुकूम सोडला, "हसा जरा." स्वतः मात्र हसतील तर शपथ! स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि जिन्याखालच्या कोनाड्यात डार्करूम. डार्करूमच्या दाराला आतून काळं कापड लावलेलं होतं. त्या कापडाला बोटभर फट पडलेली दिसली तरी काका घर डोक्यावर घेत.

जगानं रोलची आणि निगेटिव्हची भानगड केव्हाच सोडून दिली होती. काकांनी सोडली नाही. हट्टी माणूस, दुसरं काय! मोबाईलवर काढलेला फोटो हा फोटोच नव्हे, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावत, आणि इतक्या तावातावानं सुनावत की गिऱ्हाईक मोबाईल खिशात घालून चालू लागे. रंगीत काम गेलं, समारंभ गेले, शेवटी ओळखपत्रंही गेली. काका आपले काळ्यापांढऱ्या फोटोंना कवटाळून बसलेले.

आणि अशा माणसाच्या बायकोचा एक धड फोटो घरात नव्हता. काकूंनी फोटोवाल्याशी संसार केला, ओले फोटो दोरीवर वाळत घातले, डार्करूम झाडली, बाटल्या पुसल्या, पण कॅमेरा समोर आला की पदर तोंडाशी घेऊन त्या स्वयंपाकघरात पसार होत. मी काय बघण्यासारखी आहे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकुलत्या एका लेकीचे फोटो होते, अगदी ढिगानं. पाळण्यातले, दात पडलेले, नाकावर चष्मा आलेले. सगळ्यांत ती एकटी. आई आणि लेक एकत्र असा फोटो एकही नव्हता.

मग काकूंना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागल्या, पण बोलणं शाबूत राहिलं. लेक दूरच्या गावाहून धावत आली, काही आठवडे राहिली. आईला न्हाऊ घातलं, केस विंचरले, हाताचे व्यायाम करून घेतले. अशाच एका दुपारी तिनं आईला खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवलं, स्वतः खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, काढा पटकन, ही पळून जायच्या आत." काकू कुठे पळणार होत्या आता? त्या हसल्या. काकांनी बटण दाबलं. एकदाच.

रोलमध्ये अजून जागा शिल्लक होती. अर्धवट रोल धुवायला काढणं काकांच्या रक्तात नव्हतं, म्हणून तो कॅमेऱ्यातच राहिला. लेक आपल्या घरी परतली. तिकडे तिला ताप आला, ताप डोक्यात गेला, आणि हे दोघं निघायची तयारी करताहेत तोवर सगळं संपलं. त्यानंतर काकांनी कॅमेरा कपाटात आतल्या खिळ्याला टांगला आणि कपाट लावून घेतलं. तो रोल धुवायचा म्हणजे तिला पुन्हा बघायचं, आणि मग पुन्हा घालवायचं. तेवढी ताकद त्यांच्यात नव्हती. खरं सांगायचं तर ते घाबरले होते.

काकूंना दुसरा झटका आला तो लेकीच्या दुःखानंच, असं गल्ली म्हणे. या खेपेला वाचाच गेली. सगळी उजवी बाजू मेल्यासारखी झाली. डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, काकांना बाहेरच्या खोलीत नेलं आणि आवाज उतरवून सांगितलं की आता इस्पितळात हलवून हाल करू नका, फार दिवस नाहीत. काका मान डोलवत राहिले. डॉक्टर गेल्यावर ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

काकूंचा डावा हात तेवढा चालत होता. तो हात सारखा कपाटाकडे जाई. काकांनी कपाटातून शाल काढून दिली, तो हात तिथेच. पातळ काढलं, औषधाची जुनी पिशवी काढली, लेकीचे लहानपणचे फोटो काढून अंथरुणावर पसरले. काकूंनी ते फोटो हातानं बाजूला सारले आणि पुन्हा बोट कपाटाकडे. शेवटी काकांनी खिळ्यावरून कॅमेरा उतरवला. काकूंचा हात खाली पडला आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांना तो फोटो बघायचा होता. आपला आणि लेकीचा, एकत्र, जायच्या आधी एकदा.

जन्मात बायकोनं या माणसाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे.

आता पंचाईत अशी की रोल धुवायला डेव्हलपर लागतो. फिल्मवर उमटलेली न दिसणारी प्रतिमा त्या औषधानं काळी होऊन वर येते. तो काकांच्या शेल्फावर एकाच बाटलीत उरला होता. बाजारातल्या ज्या दुकानातून ते या औषधाची पूड आणत, त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. मालकानं हात वर केले. मागवून देतो म्हणाला, पण कधी येईल ते सांगता येणार नाही. मोठ्या शहरात पार्सल करून धुऊन घ्यायचा तर तेवढा वेळ काकूंकडे नव्हता. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका बाटलीतून.

या बाटलीची एक रीत होती. डेव्हलपरला हवा लागली की तो मरतो. बाटलीतून थोडा वापरला की वर रिकामी जागा होते, तिथे हवा शिरते. म्हणून जुने फोटोवाले औषध काढलं की बाटलीत काचेच्या गोट्या टाकतात. गोट्या तळाशी बसतात, औषध वर चढतं, बाटली पुन्हा गळ्यापर्यंत भरते आणि हवेला थारा उरत नाही. काकांकडे मोठाल्या गोट्यांचा डबा होता आणि बाटली रुंद तोंडाची, तपकिरी काचेची, लिटरभराची. काकू डार्करूम झाडायला जात तेव्हा काकांनी त्यांना दटावून ठेवलं होतं की ही बाटली कायम गळ्यापर्यंत भरलेली दिसली पाहिजे, कमी दिसली तर माझ्याशी गाठ आहे. बाटली भरलेली का पाहिजे, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. बायकोला कशाला सांगायचं! हुकूम सोडला की काम झालं, अशीच त्यांची सवय.

तरी काका सावध माणूस. त्यांनी अंधारात रोल उघडला, सुरुवातीची कोरी जीभ तेवढी कापून घेतली आणि बाकीचा रोल पुन्हा बंद डबीत ठेवला. दिवा लावून ती जीभ वाटीभर डेव्हलपरमध्ये बुडवली. उजेड लागलेली फिल्म चांगल्या औषधात बघता बघता काळीकुट्ट होते. ही होईना. राखाडी झाली आणि तिथेच रेंगाळली. औषध मेलं म्हणावं तर मेलेलं औषध चहासारखं लाल होतं, आणि हे तर नितळ होतं, नको इतकं नितळ. त्यांनी अख्खी बाटली मापाच्या भांड्यात ओतली. तळाशी गोट्यांचा खच पडायला हवा होता. खळखळत पाचच गोट्या बाहेर आल्या.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती आणि गोट्या नव्हत्या. मग ती भरली कशानं?

उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. काकूंच्या उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर, एक वाडगा होता आणि वाडग्यात काचेच्या मोठाल्या गोट्या होत्या. पहिल्या झटक्यानंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की लुळ्या हातानं बारीकसारीक वस्तू उचलायच्या, एका भांड्यातून दुसऱ्यात टाकायच्या. काकू रोज तेच करत बसायच्या, एक-दोन-तीन असं तोंडानं मोजत. गोट्या कुठून आणल्या, हे काकांनी तेव्हा विचारलंही नव्हतं. आता त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. नवऱ्याकडे मागून त्याला कशाला त्रास द्यायचा, म्हणून ती पाय ओढत डार्करूममध्ये गेली असणार. डबा वरच्या फळीवर, हात पोचत नाही. बाटली खाली, हाताशी. तिच्यातून ती गोट्या काढत गेली. आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसली पाहिजे, म्हणून नळाचं पाणी घातलं. हुकूम तंतोतंत पाळला बाईनं.

काका तिरमिरीत उठले. काकूंच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेही, बोलायला तोंड उघडलं. काकू छताकडे बघत पडल्या होत्या. ओठांच्या कडेला दूध सुकलेलं. काकांचं तोंड तसंच मिटलं. त्यांनी ओल्या फडक्यानं ते दूध पुसलं आणि पुन्हा डार्करूममध्ये जाऊन दाराला पाठ टेकून उभे राहिले. आता बोंब मारून उपयोग नव्हता. औषधात पाणी किती पडलंय ते काढायला हवं होतं.

ते काढणं मुळात अवघड नव्हतं. जेवढ्या गोट्या निघाल्या, त्यांनी अडवलेली जागा पाण्यानं भरली. पाणी घातल्यानं औषध कमी होत नाही, ते फक्त जास्त जागेत पसरतं. म्हणजे मूळ औषध किती आणि आता सगळं मिळून किती, एवढं कळलं की जोर कळतो. काकांनी मापाच्या भांड्यात पाणी घेऊन दहा गोट्या टाकल्या. पाणी ऐंशी मिलिलिटर चढलं. एका गोटीला आठ. वाडग्यातल्या गोट्या मोजल्या, चाळीस भरल्या. चाळीस आठे तीनशे वीस, तेवढं पाणी. बाटली लिटरची, त्यातून उरलेल्या पाच गोट्यांची जागा वजा केली की द्रव नऊशे साठ. नऊशे साठमधून तीनशे वीस गेले, राहिलं मूळ औषध सहाशे चाळीस. तिनात दोन भाग औषध, एक भाग पाणी. जोर दोन तृतीयांश उरला. तर मग रोल नेहमीच्या दीडपट वेळ ठेवायचा. हिशेब इतका सरळ सुटला की काकांना त्याचीच भीती वाटली.

कारण चूक दोन्हीकडून मारणार होती. फोटो त्यांना डोळ्यांपुढे लख्ख दिसत होता. काकू खिडकीच्या उजेडात, लेक खुर्चीमागे सावलीत. रोल गरजेपेक्षा जास्त ठेवला तर उजेडातला काकूंचा चेहरा निगेटिव्हवर डांबरासारखा काळा गोळा होणार. कमी ठेवला तर सावलीतली लेक वर येणारच नाही. चाचणी घ्यायला दुसरी फिल्म नाही, याच रोलचा आणखी तुकडा अंधारात चाचपत कापावा तर नेमका तोच फोटो कापला जायची भीती, आणि एकदा धुतलेला रोल पुन्हा धुता येत नाही. बाटलीत आपण मुळात किती गोट्या टाकल्या होत्या ते आठवायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला. डोकं नुसतं भणभणलं. गोट्या कोण मोजतो? गळ्यापर्यंत आलं की थांबायचं, एवढंच ते करत आले होते.

मोजणारं माणूस घरात एकच होतं.

काकूंचं करायला ठेवलेल्या नर्सबाई दुपारचं दूध पाजून आपल्या घरी गेल्या, तेव्हा काकांनी वाडगा काकूंच्या डाव्या हाताशी ठेवला आणि शेजारी स्टीलचं रिकामं पातेलं. खुर्ची ओढून ते अगदी जवळ बसले. समजेल की नाही देव जाणे, पण त्यांनी समजावून सांगितलं. बाटलीतल्या गोट्या तू काढल्यास, पाणी घातलंस, मी रागावलेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोला हेही सांगितलं की बाटली गळ्यापर्यंत का भरायची असते. काकूंच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"किती काढल्यास गं?" काका म्हणाले. "दाखव मला. एकेक टाक."

काकूंचा हात वाडग्यात गेला. दोन बोटांत गोटी आली, पातेल्यावर थरथरली, टणकन पडली. मग दुसरी. काका ओठांतल्या ओठांत मोजत होते. मधेच हात पांघरुणावर पडे, श्वास जोरात चाले, पुन्हा हात उठे. किती तरी वेळ त्या खोलीत तो एकच आवाज होता. अखेर चाळीसावी गोटी पडली आणि वाडगा रिकामा झाला. हिशेब जुळला. काकांनी मोठा सुस्कारा टाकला.

काकूंचा हात मात्र थांबला नाही. तो पुन्हा रिकाम्या वाडग्यात गेला. दोन बोटं तळाशी मिटली, वर आली, पातेल्यावर उघडली. आवाज झाला नाही. पुन्हा वाडग्यात, पुन्हा पातेल्यावर. काकांना भडभडून आलं. बिचारीचं डोकं एवढंही सांगू शकत नाही की गोट्या संपल्या, असं त्यांना वाटलं. रोज रोज तोच व्यायाम करून हाताला वळण पडलंय, आता तो आपला फिरतोच आहे.

"संपल्या गं, संपल्या," ते म्हणाले. "पुरे आता. दमशील."

काकूंनी मान हलवली, की हलली असावी. हात पुन्हा उठला. काकांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला, हळूच दाबून पांघरुणाखाली ठेवला आणि वाडगा उचलून नेला. पांघरुणाखाली तो हात थोडा वेळ धडपडत होता.

त्यानंतर काकांनी उशीर केला नाही. काळं कापड ओढलं, अंधारात रोल रिळावर चढवला, रीळ उजेड न शिरणाऱ्या टाकीत घातलं, झाकण लावलं. डेव्हलपर ओतला. नेहमीच्या दीडपट वेळ टाकी हलवत राहिले, आणि तोंडानं सारखं पुटपुटत होते, येऊ दे, दोघींना येऊ दे. मग डेव्हलपर ओतून टाकला, प्रतिमा पक्की करणारा फिक्सर घातला, पाण्याखाली धरला. झाकण काढून बाजूला ठेवलं. दिव्यासमोर त्यांनी ओली पट्टी उलगडली.

पट्टी फिकी होती. नुसत्या बघण्यानं कळावी इतकी फिकी, ओल्या काचेसारखी. ज्या माणसानं जन्मभर निगेटिव्ह बघितल्या त्याला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती. औषधाचा जोर दोन तृतीयांश नव्हताच. निम्म्याहूनही कमी होता. पाणी चाळीस गोट्यांचं नव्हतं, त्याहून कितीतरी जास्त गोट्यांचं होतं. लुळ्या हातातून गोट्या पडणारच. पडल्या, घरंगळल्या, केरात गेल्या, कपाटाखाली गेल्या. वाडग्यात उरल्या त्या चाळीस.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की काकूंनी ते सांगितलं होतं. रिकाम्या वाडग्यातून उचलून रिकाम्या पातेल्यात एकेक टाकून सांगितलं होतं. ज्या हरवल्या त्या ती मोजून दाखवत होती. आपण तिचा हात धरला. दमशील म्हणालो. तिच्या त्या किती झाल्या, अजून किती व्हायच्या होत्या, आपण मोजल्याच नाहीत. हसाकाका मोरीच्या कडेला खाली बसले आणि तोंडात शर्टाची बाही कोंबून रडले, कारण आवाज काकूंच्या खोलीत जाता कामा नये.

रडून झाल्यावर त्यांनी पट्टी पुन्हा उचलली. एकेक फ्रेम सरकवत ती सापडली. खिडकी होती. खुर्ची होती. खुर्चीत काकू होत्या, अगदी नीट, गालावरची सुरकुतीसुद्धा, आणि हसत होत्या. खुर्चीमागे जिथे लेक उभी होती तिथे काहीच नव्हतं. स्वच्छ, कोरी, पारदर्शक फिल्म. भिंग लावून काकांनी ती जागा पुन्हा पुन्हा पाहिली. तिचा चेहरा नव्हता, केस नव्हते, चष्मा नव्हता. फक्त सावलीतून खिडकीच्या उजेडात आलेला तिचा एक हात तेवढा उमटला होता. काकूंच्या उजव्या खांद्यावर ठेवलेला, मनगटापासून बोटांपर्यंत.

तेवढं तरी दाखवायचं की नाही, याचा त्यांनी फार विचार केला. न दाखवून तरी काय करणार होते? पट्टी वाळायची वाट न बघता ते काकूंकडे गेले, खिडकीचा पडदा सारला आणि ओली निगेटिव्ह उजेडात तिच्या डोळ्यांपुढे धरली. उलट्या रंगांचं तिला सांगावं लागत नव्हतं. या घरात तिनं लेकीचा प्रत्येक फोटो आधी असाच पाहिलेला होता.

"एवढंच आलं गं," काका म्हणाले. "माझं चुकलं. तू सांगत होतीस, मी मोजल्या नाहीत."

काकू बघत राहिल्या. नजर आधी खुर्चीमागच्या कोऱ्या जागेवर गेली, तिथे थांबली, शोधत राहिली. काकांना वाटलं, आता पट्टी काढून घ्यावी. मग ती नजर खाली उतरली आणि एका जागी स्थिर झाली. पांघरूण हललं. डावा हात बाहेर आला, छातीवरून सावकाश सरकत उजव्या खांद्यावर गेला, त्या मेलेल्या खांद्यावर, आणि तिथे बोटं मिटली.

काकांनी पट्टी खाली घेतली तरी तो हात तिथून निघाला नाही. संध्याकाळी नर्सबाई कूस बदलायला आल्या. त्यांनी काकूंचा हात सोडवायचा प्रयत्न केला, तो सुटेना. हात खाली घ्यायला हवा, अंग आखडेल, असं त्या काकांना म्हणाल्या.

"राहू द्या," काका म्हणाले. "त्याच्याखाली लेकीचा हात आहे."